रंग माझा, हाडं तुमची

किल्लीकाका आणि किल्लीकाकूंच्या घरात एक नियम होता. कुठंतरी कडेला उगवलेलं रानफूल पुस्तकात सापडलं असं केव्हा म्हणायचं? दोघांनी ‘हं’ म्हटल्यावर. एकट्याचं ‘हं’ म्हणजे नुसता अंदाज, आणि अंदाजाला त्या घरात फारशी किंमत नव्हती. हा नियम कोणी केला, कधी केला, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. पण तो मोडला कोणी, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. ही गोष्ट त्याचीच आहे.

काका किल्ल्या करत. बाजारातल्या एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचा गाळा होता, एवढा अरुंद की गिऱ्हाईक आत आलं तर काकांना बाहेर यावं लागे. त्यांचं खरं नाव लोक विसरून जमाना झाला होता. आणि त्यांच्याशी लग्न केलं एवढ्याच अपराधापायी त्यांच्या बायकोचं नाव किल्लीकाकू पडलं होतं. काकूंनी जन्मात कधी किल्ली घासायच्या कानशीला हात लावला नव्हता. त्या पलीकडच्या रस्त्यावर दोरे-बटणांच्या दुकानात कामाला होत्या. शिंप्यानं कापडाचा तुकडा समोर टाकायचा अवकाश, काकू मागच्या फळीकडे हात नेत आणि रीळ काढून देत. नवा शिंपी पहिल्या एक-दोन खेपांना दाराशी उजेडात जाऊन ताडून बघे. पुढे तोही ती तसदी घेत नसे.

रंगांच्या बाबतीत काकांचा मात्र सगळा आनंदच होता. पिवळा आणि गडद निळा तेवढे त्यांना नीट कळत. तांबडा, हिरवा, तपकिरी हे त्यांच्या लेखी सख्खे भाऊ. गुलाबी, फिकट जांभळा आणि राखाडी यांच्यातही त्यांना कधी फरक करता आला नाही. तरुणपणी कोटाचं तुटलेलं बटण लावायला दोरा हवा म्हणून ते त्या दुकानात गेले आणि स्वतः बोट दाखवून हिरव्या कोटाला तांबडा दोरा मागितला. काकूंना वाटलं, हा माणूस थट्टा करतोय. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि काही न बोलता हिरवं रीळ पुढे केलं. काका म्हणायचे, "त्या दिवशी ती हसली असती ना, तर मी जो तिथून निघालो असतो तो परत त्या रस्त्याला फिरकलो नसतो." लग्नानंतर काकूंनी त्यांच्या प्रत्येक मोज्याच्या आत आणि प्रत्येक कॉलरच्या मागे दोऱ्याच्या बारीक गाठी मारून ठेवल्या. एक गाठ तपकिरी, दोन गाठी हिरवा, तीन गाठी राखाडी. अंगठ्यानं चाचपायचं आणि घालायचं. सगळ्या बाजारात काकांइतका टापटिपीचा माणूस नव्हता.

पुस्तक घरात आलं ते असंच. एक गिऱ्हाईक किल्ली करायला टाकून गेलं, जाताना गाळ्याच्या फळीवर पुस्तक विसरलं, आणि मग ना किल्ली न्यायला आलं ना पुस्तक. काकांनी ते कितीतरी दिवस कागदात गुंडाळून वर ठेवून दिलं. पुढे एकुलती एक मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, रविवार घरात मावेनासे झाले, तेव्हा काकूंनीच एकदा ते खाली काढलं. रानफुलं ओळखायचं पुस्तक होतं ते, कोटाच्या खिशात बसेल एवढं, पण जाडजूड. फुलं रंगांप्रमाणे लावलेली: आधी पांढरी, मग पिवळी, मग गुलाबी-तांबडी, शेवटी जांभळी-निळी. दर पानावर एक चित्र आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत बाकीचा तपशील. पाकळ्या किती, त्यांना खाच आहे का, पानं समोरासमोर की एकाआड एक, देठ गुळगुळीत की लव असलेला.

काकांनी चाळून पाहिलं आणि परत दिलं. "हे माझ्या कामाचं नाही. पहिल्याच दारात अडकेन मी."

"दार मी उघडते," काकू म्हणाल्या. "आतलं तुम्ही बघा. रंग माझा, हाडं तुमची."

तेव्हापासून दर रविवारी दोघं बाहेर पडू लागले. कालव्याच्या काठानं, मालगाड्यांच्या यार्डामागून, पाणीपुरवठा केंद्राच्या लांबलचक भिंतीकडेनं. बागेत ते कधी गेले नाहीत. बागेतल्या झाडांना नावाच्या पाट्या असतात, त्यात काय राम, असं काकूंचं म्हणणं. फूल दिसलं की काकू वाकत, रंग सांगत आणि पुस्तकाचा तेवढा भाग उघडून काकांच्या हातात देत. मग काका गुडघ्यांवर बसत. जन्मभर किल्लीचे दाते पाहिलेली नजर ती. खाच केसभर इकडची तिकडे झाली तरी त्यांना खुपे. काकू वरून विचारत, "उघडलं का कुलूप?" आणि काका बहुतेक वेळा म्हणत, "नाही. पाकळ्या बसतात, पण देठाला लव हवी, ती नाही." "मग बघा दुसरीकडे," काकू म्हणत, आणि पान उलटे. एकेका फुलापाशी कितीतरी रविवार जात. मिळतंजुळतं काकांना चालत नसे. ‘थोडी घासली की बसेल’ असं म्हणणारा माणूस किल्ली तर वाया घालवतोच, वर कुलूपही बिघडवतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. गाळ्यात ते दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवत.

दोघांचं ‘हं’ झालं की काकू एक पाकळी कागदाच्या घडीत घालून घरी आणत. त्यांच्याकडे एका डब्यात दुकानातल्या उरल्यासुरल्या दोऱ्यांची भेंडोळी होती. पाकळीशी दोरा ताडायचा, सुईनं पानाच्या कडेला टोचायचा, गाठ मारायची आणि शेंडा बाहेर सोडायचा. होता होता ते पुस्तक दोऱ्यांच्या शेंड्यांनी भरून गेलं. मुलगी सुट्टीला आली की म्हणे, "बाबा, तुमच्या पुस्तकाला केस आलेत." काकूंना त्याचं फार कौतुक वाटे. पाहुणे आले की चहाबरोबर पुस्तक पुढे यायचंच.

बिनसलं ते पाणीपुरवठ्याच्या भिंतीपाशी. भिंतीच्या फटीतून एक नाजूक रोप बाहेर आलं होतं आणि त्याला नखाएवढी फुलं लागली होती. काकूंनी पाहिलं, "पांढरं," म्हणाल्या आणि पुस्तक उघडून दिलं. काकांनी पांढरा भाग एकदा पुढून आणि एकदा मागून पाहून काढला. एकही पान बसेना. एक जवळपासचं होतं, पण त्याच्या पाकळीला खाच नव्हती आणि समोरच्या फुलाच्या पाकळीला चांगली ठसठशीत खाच होती. "राहू दे, पुढच्या रविवारी बघू," ते म्हणाले. घरी आल्यावर काकू आत चहा टाकत होत्या तेव्हा त्यांनी सहज म्हणून जांभळ्या फुलांचा भाग उघडला. दुसऱ्याच पानावर ते फूल होतं. खाच, देठ, लव, पानं, सगळं जिथल्या तिथे.

काकांना पहिल्यांदा वाटलं, पुस्तकच चुकलंय. छापणाऱ्यांचं काय, ते काहीही छापतात. काकू रंगात चुकतील हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

ते आलं त्याच आठवड्यात. काकू दुकानातून लवकर परतल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या की उद्यापासून त्या बटणांकडे बसणार आहेत. मालकांनी दोऱ्यांकडे नवी मुलगी घेतली होती. "कुठल्याशा शिंप्यानं म्हणे सारखी रिळं परत आणली. त्याच्या दुकानात दिवा कसला आहे ते बघा म्हणावं आधी," त्या म्हणाल्या, आणि पाठ करून भांडी घासायला लागल्या. भांडी स्वच्छच होती. काका त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. पुस्तक बरोबर होतं, हे त्यांना कळलं.

पुढच्या रविवारी पुन्हा तीच भिंत आणि तेच फूल. "पांढरंच आहे हो. नीट बघा," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चढलेला होता, आणि त्या चढलेल्या आवाजाखाली दुसरंच काहीतरी होतं. काकूंनी आयुष्यात कधी कोणाची मनधरणी केली नव्हती, म्हणून काकांना ते ओळखायला क्षणभर वेळ लागला. त्यांनी पांढऱ्या भागातलं ते जवळपासचं पान उघडलं आणि खाच नसलेल्या पाकळीकडे पाहिलं.

"उघडलं का कुलूप?"

"हं," काका म्हणाले.

"हं," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की आपण काहीतरी फार चांगलं केलं असं काकांना वाटलं. आता यात त्यांना दोष द्यायचा तर खुशाल द्यावा. पण बटणांकडे बसवलेल्या बायकोचा चेहरा त्या दिवशी त्यांच्यासमोर होता, दोष देणाऱ्याच्या समोर नव्हता.

पहिलं ‘हं’ जड गेलं. त्याच्या पुढचं तेवढं गेलं नाही, आणि मग अंगवळणीच पडलं. काकू रंग सांगत, काका त्या भागात कुठलं तरी मिळतंजुळतं पान शोधत, मनातल्या मनात ते घासून बसवत आणि ‘हं’ म्हणत. खरं पान कुठलं ते घरी गेल्यावर गुपचूप पाहून ठेवत. आणखीही खुणा होत्याच. काकू जिना उतरताना भिंतीला हात लावू लागल्या होत्या. दिव्याभोवती कडं दिसतं म्हणायच्या. एकदा पोस्टमन गाळ्याशी थांबून म्हणाला, "काका, हे काय? एका पायात तपकिरी, एका पायात हिरवा?" काकांनी मोज्याच्या आतली गाठ चाचपली. दोन्हीकडे एकेकच गाठ होती. "नवीन फॅशन आहे," ते म्हणाले, आणि पोस्टमन हसत हसत गेला. मुलगी फोनवर विचारायची, "आईचे डोळे दाखवलेत का?" काका म्हणायचे, "वयाचं आहे, चष्म्याचा नंबर वाढला असेल." वेळ मारून नेण्यात ते चांगलेच तरबेज झाले होते.

मुलगी सुट्टीला आली तेव्हा काकू डोकं धरून अंथरुणात पडल्या होत्या. आदल्या दिवशीपासून उलट्या होत होत्या. पित्त झालंय असं दोघांनी धरून ठेवलं होतं. मुलीनं खोलीत पाऊल टाकलं आणि ती जागच्या जागी थांबली.

"आई, डोळा केवढा लाल झालाय तुझा! बाबा, दिसत नाही का तुम्हाला?"

काकांना खरोखरच दिसत नव्हतं. तेवढं एक त्यांच्या बाजूनं सांगता येईल.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी दोन्ही डोळे तपासले, मग खुर्ची पुढे ओढली आणि कोणाचंही मन न राखता सांगितलं. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून फुगला होता, त्यानं आतला दाब वाढला होता आणि नस गेली होती. तो डोळा आता परत येणार नव्हता. उजव्यातही मोतीबिंदू होता, पण तो काढला की उजवा वाचणार होता. "वेळेवर आला असतात तर दोन्ही वाचले असते," त्या म्हणाल्या. "रंग बदललेले कधी जाणवले नाहीत तुम्हाला?"

"शंका यायची," काकू म्हणाल्या. "दुकानात ते रिळांचं झालं तेव्हा तर फारच आली. पण आम्ही दर रविवारी फुलं बघतो ना. रंग मी सांगते, बाकीचं हे बघतात, आणि यांच्याइतका काटेकोर माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही. एकही फूल अडलं नाही. म्हटलं, रंग चुकला असता तर पान लागलं असतं का?"

डॉक्टरीणबाईंनी काकांकडे पाहिलं. मुलीनंही पाहिलं. जिचं मन राखायला म्हणून ते ‘हं’ म्हणत आले होते, तिनं त्याच ‘हं’च्या भरवशावर डॉक्टरची पायरी चढायची टाळली होती. त्यांना तिथून उठून कुठंतरी निघून जावंसं वाटलं. पण काकूंनी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे पार पडलं. पट्टी सुटली तेव्हा काकू आधी उशीच्या अभ्र्याकडे बघत राहिल्या. "केवढं पांढरं आहे हे," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर काकांवर आली, वरपासून खालपर्यंत गेली आणि पायांशी थांबली. "अहो, हे मोजे कोणी दिले तुम्हाला असे?" त्यांनी वाकून मोज्याची कड उलटली, गाठ बघितली, आणि त्यांना हसू आलं. "माझ्याच गाठी चुकल्या की. लोक काय म्हणाले असतील! जाऊ दे, फुलं तरी चुकली नाहीत. घरी गेले की पहिलं ते पुस्तक बघणार आहे मी. सगळे दोरे एकदा डोळे भरून बघायचेत."

काकांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

त्याच दुपारी, आईजवळ मुलगी बसलेली असताना, काका घरी आले, दाराला आतून कडी लावली आणि पुस्तक टेबलावर घेतलं. कुठली पानं खोटी होती हे त्यांना तोंडपाठ होतं. लहान कात्रीनं त्यांनी त्या पानांवरचे दोरे एकेक करून कापले आणि वर्तमानपत्रावर काढून ठेवले. बेत साधा होता. खऱ्या पानांवर खऱ्या रंगाचे दोरे टोचायचे, म्हणजे काकू पुस्तक उघडतील तेव्हा सगळं बरोबर असेल. खरी पानं त्यांना माहीत होती. त्यांनी दोऱ्यांचा डबा उघडला, आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

डब्यातले पिवळे आणि गडद निळे तेवढे त्यांना वेगळे काढता आले. बाकी सगळे सारखेच. फिकट जांभळा दोरा हवा होता. एकाच रंगाची वाटणारी कितीतरी भेंडोळी समोर होती. त्यातली जांभळी कोणती, गुलाबी कोणती, राखाडी कोणती? खिडकीशी नेऊन पाहिलं, डोळे बारीक करून पाहिलं. शेजारणीला विचारावं म्हणून ते दारापर्यंत गेलेसुद्धा, पण तिला काय सांगायचं? कडीवर हात ठेवून ते तसेच परत फिरले. काकूंच्या डोळ्यांशिवाय काकूंना फसवता येत नव्हतं. कापलेले दोरेही आता एकमेकांत मिसळून गेले होते, ते पहिल्यासारखे परत लावणंसुद्धा त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. पानांच्या कडांना सुईची भोकं तेवढी उरली होती. काका टेबलाशी बसले आणि पोरासारखे रडले.

काकू घरी आल्या तेव्हा काकांनी काहीच आवरून ठेवलं नव्हतं. मुलगी औषधं आणायला खाली थांबली होती. काकूंनी टेबलावरचं पुस्तक बघितलं, वर्तमानपत्रावरचा दोऱ्यांचा गुंता बघितला.

"दोरे का काढलेत?"

काका उभे राहिले. बसून सांगता आलं नसतं. "ती पानं चुकीची होती. रंग चुकत होता तुझा. मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पाणीपुरवठ्याच्या भिंतीवरचं ते पहिलं. तेव्हापासून."

काकू हळूच खुर्चीत बसल्या. "म्हणजे दुकानात ते रिळांचं झालं तेव्हापासून," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही ‘हं’ म्हणत राहिलात."

"तुला वाईट वाटेल म्हणून गं. आधीच तुला बटणांकडे—"

"वाटू द्यायचं होतं वाईट!" काकू ओरडल्या. काकांनी त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "रडले असते मी. दोन दिवस जेवले नसते. आणि मग गेले असते डॉक्टरकडे. मी चुकले ते डोळ्यांनी चुकले. तुम्हाला तर दिसत होतं." त्यांनी एक दोरा उचलला आणि परत ठेवला. "मला कोणी काही सांगू दे, मी म्हणायचे, आमच्या ह्यांना विचारा. ते खोटं बोलायचे नाहीत."

काकांनी कात्री उचलून डब्यात ठेवली.

त्यानंतर काकू कामापुरतं बोलत. जेवायला चला. गोळी द्या. दाराशी कोण आहे बघा. मुलगी परत जाताना काकांच्या कानाशी म्हणाली, "बाबा, ती बोलेल. तुम्ही घाई करू नका." काका घाई कसली करणार होते! ते गाळ्यात बसत, कोरी किल्ली यंत्रात अडकवत आणि विसरून जात. गिऱ्हाइकं खोळंबत. काकू घरी खिडकीशी बसून दोऱ्यांचा गुंता सोडवत. एके दिवशी काकांनी कपाट उघडलं तर मोज्यांच्या सगळ्या जोड्या नीट लावलेल्या होत्या. त्यांनी आत अंगठा घातला. जुन्या गाठी उसवून नव्या मारल्या होत्या, प्रत्येक मोज्याला, प्रत्येक कॉलरला. एका डोळ्यानं सुईत दोरा ओवायला काकूंना किती वेळ लागत असेल, हे त्यांच्या मनात आलं आणि ते कपाटाशीच उभे राहिले. शिव्या दिल्या असत्या तर सोसायला सोपं गेलं असतं.

मग एका रविवारी काकूंनी बूट घातले. "पुस्तक घ्या," त्या म्हणाल्या.

दोघं मालगाड्यांच्या यार्डामागं गेले. काकू पुढे, काका एक पाऊल मागे. गंजलेल्या रुळांपाशी एका रोपाला कधी न पाहिलेली फुलं आली होती. काकू खाली बसल्या आणि फुलाला हात लावायला गेल्या. हात फुलाच्या अलीकडेच थांबला, हवेत चाचपडला, मग पुढे सरकला. एका डोळ्याला अंतराचा अंदाज येत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. काकांनी नजर वळवली नाही. बघायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

"गुलाबी," काकू म्हणाल्या, आणि तो भाग उघडून पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

काका गुडघ्यांवर बसले. पान लवकर सापडलं. पाच पाकळ्या, खाच आहे, पानं समोरासमोर. एकेक करून सगळं बसत गेलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, देठ गुळगुळीत. काकांनी देठ दोन बोटांत धरला. त्याला बारीक लव होती. त्यांनी पुढची पानं पाहिली, मागची पाहिली. पूर्ण गुलाबी भागात हे फूल नव्हतं.

त्यांनी देठ सोडला. म्हणजे उजवा डोळाही. एवढं ऑपरेशन होऊन, एवढं सोसून, उरलेला तोही दगा देतोय. आणि हे आता या बाईला, हिच्या तोंडावर, आपण सांगायचं.

"उघडलं का कुलूप?" काकूंनी विचारलं. परत आल्यापासून हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

किती सोपं होतं. एक अक्षर. देठावरची एवढीशी लव, ती कोण बघायला येतंय? काकांनी वर पाहिलं. काकू त्यांच्याकडेच बघत होत्या, एका डोळ्यानं.

"नाही," काका म्हणाले.

"नीट बघा. गुलाबीच आहे."

"नाही." त्यांचा आवाज फाटला. "देठाला लव आहे, इथं नको आहे. हे गुलाबी नाही. तुला नीट दिसत नाहीये. ऊठ, आत्ताच्या आत्ता जाऊ डॉक्टरीणबाईंकडे. दवाखाना बंद असला तर घरी जाऊ त्यांच्या. ऊठ!" ते स्वतः उठायला गेले आणि गुडघा धरल्यामुळे परत खाली बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

काकू पुन्हा फुलाकडे वळल्या.

"जांभळं आहे," मग त्या म्हणाल्या. "फिकं आहे, पण स्वच्छ जांभळं. मला दिसतंय. तुम्ही काय म्हणता ते बघत होते."

काकांनी बाहीनं डोळे पुसले.

"डोळ्याचं मी विसरले असं समजू नका," काकू म्हणाल्या.

"नको विसरूस."

काकूंनी वाकून त्यांच्या हातातल्या पुस्तकाची पानं उलटली आणि जांभळा भाग काढून दिला. "मग बघा दुसरीकडे," त्या म्हणाल्या.

पान सापडायला वेळ लागला, कारण अक्षरं सारखी धूसर होत होती. पण सापडलं. पाकळ्या, खाच, पानं, देठावरची लव. काकांनी सगळं एकदा पाहिलं आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून पाहिलं. "हं," ते म्हणाले. काकूंनी एक पाकळी कागदाच्या घडीत ठेवली आणि त्या उठल्या.

परत येताना काका सवयीनं त्यांच्या उजव्या हाताला चालू लागले. थोडं पुढे गेल्यावर काकू थांबल्या. "या बाजूला या," त्यांनी डावीकडे हात केला. "इकडचं मला दिसत नाही." काका पलीकडे गेले आणि काकूंनी त्यांचा दंड धरला. तो त्यांनी घर येईपर्यंत सोडला नाही.

आपलं ‘हं’ काकू संध्याकाळी म्हणाल्या, खिडकीशी बसून पानाला दोरा टोचताना. गाठ मारून त्यांनी दोऱ्याचा शेंडा कापला आणि पुस्तक काकांच्या हातात दिलं.